मेघनाद साहा: छापला न गेलेला निबंध

1936 साली मेघनाद साहा अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. तोवर ते जगभर ओळखले जाणारे शास्त्रज्ञ झाले होते, लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होते. शिकागो विद्यापीठाच्या यर्कीस वेधशाळेत गेले असता तिथल्या मॉर्गन नावाच्या तरुण खगोलशास्त्रज्ञाने त्यांना एक जुने हस्तलिखित काढून दाखवले. ते साहांचेच होते. 1917 मध्ये कलकत्त्याहून त्यांनी ते अमेरिकेतल्या 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे पाठवले होते. 19 वर्षे ते तिथेच पडून होते.

त्या निबंधात चूक आहे असे कोणी म्हटले नव्हते. संपादकांचे म्हणणे इतकेच होते की निबंध फार लांब आहे, छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने उचलला तर छापता येईल. कलकत्त्यातल्या तरुण व्याख्यात्याच्या पगारात डॉलरमधला तो खर्च बसणारा नव्हता. साहांनी तसे कळवले. पुढे काहीच झाले नाही.

प्रस्थापित विज्ञानसंस्था धाडसी विचाराला कशा वागवतात हे सांगताना आपण नेहमी गॅलिलिओचे नाव घेतो. खटला, धर्मपीठ, नजरकैद असे मोठे नाट्य त्यात आहे. पण बहुतेक वेळा एवढे नाट्य होत नाही. छपाईचा खर्च, वसतिगृहातली पंगत, पोलिसांची फाइल, न मिळालेले अनुदान अशा लहान लहान गोष्टींनीच माणूस दाराबाहेर राहतो. म्हणून आम्हाला साहांची कहाणी जवळची वाटते. दुसरे कारण असे की शाळेच्या पुस्तकांत साहांचे समीकरण येते, पण साहांची जात येत नाही.

मेघनाद साहांचा जन्म 6 ऑक्टोबर 1893 रोजी ढाका जिल्ह्यातल्या शेओराताली या खेड्यात झाला. आज ते बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ यांचे गावात किराणा मालाचे लहानसे दुकान होते. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. बंगालमध्ये साहा ही व्यापार करणारी जात, पण ब्राह्मण-कायस्थांच्या लेखी हलकी. आजच्या व्याख्येने साहांना दलित म्हणता येणार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. जातीची उतरंड फक्त सर्वांत खालच्या पायरीवर बोचते असे थोडेच आहे?

त्यांच्या नावाचीही एक गोष्ट सांगितली जाते. ते वादळी रात्री जन्मले म्हणून घरच्यांनी पावसाच्या देवावरून मेघनाथ नाव ठेवले होते. मोठे झाल्यावर त्यांनी स्वतःच ते मेघनाद केले. मेघनाद म्हणजे रावणाचा मुलगा इंद्रजित. मायकेल मधुसूदन दत्तांनी 1861 मध्ये 'मेघनादवध काव्य' लिहून या पराभूत योद्ध्याला बंगालचा नायक केले होते.

गावातली शाळा संपल्यावर मुलाने दुकानात बसावे अशी वडिलांची इच्छा होती. पुढची शाळा होती सिमुलियाला, दहा किलोमीटर लांब. थोरला भाऊ जयनाथ आणि मास्तरांनी आग्रह धरला. सिमुलियाचे डॉक्टर अनंतकुमार दास यांनी मुलाला घरात ठेवून घेतले. अटी दोन होत्या: गाईची देखभाल करायची आणि आपले ताट आपण धुवायचे. दुसरी अट कशासाठी होती हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तरीही डॉ. दासांचे ऋण साहांनी आयुष्यभर मानले. उपकार करणारा हातही जातीच्या नियमातच हलतो, हे त्यांना त्या वयात कळले असणार.

मिडल परीक्षेत मुलगा ढाका जिल्ह्यात पहिला आला. महिना 4 रुपये शिष्यवृत्ती मिळाली. ताग गिरणीत 20 रुपयांवर काम करणारा जयनाथ त्यातून 5 रुपये पाठवायचा. वैश्य समितीकडून 2 रुपये यायचे. अशा 11 रुपयांवर 1905 मध्ये ते ढाका कॉलेजिएट स्कूलमध्ये शिकू लागले. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर बहिष्कार घालणाऱ्या मुलांत साहाही होते. शाळेने काढून टाकले आणि शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या एका खासगी शाळेने घेतले म्हणून शिक्षण थांबले नाही.

1911 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वर्गात सत्येंद्रनाथ बोस, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रे. असा वर्ग आणि असे शिक्षक या देशात पुन्हा एकत्र आले असतील असे वाटत नाही. पण राहायला ईडन हिंदू हॉस्टेल होते. तिथे साहांच्या पंगतीला बसायला काही विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. सरस्वतीपूजेतही त्यांना जागा नव्हती. ज्या मुलाने आयुष्यात पुस्तकापलीकडे काही धरले नव्हते, त्याला विद्येच्या देवीपुढे उभे राहायला मनाई! अखेर हॉस्टेल सोडून ते बाहेर मेसमध्ये राहायला गेले. गणितात बी.एस्सी.ला आणि एम.एस्सी.ला ते दुसरे आले, पहिले आले सत्येंद्रनाथ.

घर चालवायचे तर सरकारी नोकरी हवी होती. पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून अर्थखात्याच्या परीक्षेला बसू दिले गेले नाही. 1916 मध्ये आशुतोष मुखर्जींनी नव्या सायन्स कॉलेजात साहा आणि बोस दोघांनाही घेतले. म्हणजे भारतीय खगोलभौतिकीला तिचा सर्वांत मोठा माणूस मिळाला तो काही अंशी पोलिसांच्या संशयामुळे.

कॉलेज नवे होते आणि प्रयोगशाळा नावापुरती. महायुद्धामुळे युरोपची नियतकालिके वेळेवर येत नव्हती. साहा जर्मन शिकलेले होते, त्यामुळे मिळेल ते पुस्तक मुळातून वाचत. 1919 मध्ये त्यांनी आणि सत्येंद्रनाथांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे निबंध इंग्रजीत आणले. याच काळात साहांना एक प्रश्न छळत होता. सूर्याच्या वातावरणात कॅल्शियमसारखा जड पदार्थ इतक्या उंचीवर कसा तरंगतो? गुरुत्वाकर्षणाने तो खाली यायला हवा. साहांचे उत्तर असे की प्रकाश पदार्थाला ढकलतो, पण सगळ्या अणूंना सारखा नाही. जो अणू विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषतो, त्यालाच तो धक्का बसतो. यर्कीसमध्ये पडून राहिलेला निबंध हाच. त्याचा जेमतेम एक लहान सारांश 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'ने 1919 मध्ये छापला. सविस्तर निबंध साहांनी कलकत्ता विद्यापीठाच्या नियतकालिकात दिला, पण ते कलकत्त्याबाहेर फारसे कोण वाचणार? पुढे इंग्लंडच्या एडवर्ड मिल्न यांनी याच कल्पनेवर मोठे काम केले आणि हा सिद्धान्त त्यांच्या नावावर गेला. साहांचा उल्लेख तळटीपेत राहिला. मिल्न यांनी काही चोरले असे आम्ही म्हणत नाही, साहांनीही म्हटले नाही. छपाईचा खर्च परवडला नाही एवढीच ही गोष्ट आहे.

साहा खचले नाहीत. 1920 मध्ये लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या आयनीभवनावरचा त्यांचा निबंध आला. तो कलकत्त्यातूनच पाठवलेला होता.

तो मुद्दा नीट समजून घेऊ. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. हार्वर्ड वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी महिलांनी या रेषांवरून 2 लाखांहून अधिक ताऱ्यांची वर्गवारी केली होती. पण वर्ग का पडतात हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. एका ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक, दुसऱ्यात लोखंडाच्या. मग हे तारे वेगवेगळ्या द्रव्याचे बनले आहेत काय?

साहांनी सांगितले की फरक मुख्यतः तापमानाचा आहे. वायू तापला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या अणूच्या रेषा बदलतात. किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील हे तापमान आणि दाब यांवर ठरते. दाब कमी तर सुटणे सोपे. हे प्रमाण काढणारे सूत्र म्हणजे साहा समीकरण. रसायनशास्त्रात पदार्थाचे विघटन मोजायला जे गणित वापरतात ते त्यांनी अणूला लावले. जर्मनीत एगर्ट यांनी त्या दिशेने एक पाऊल टाकले होते, पण अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जा त्यांनी घेतली नव्हती. साहांनी ती घेतली आणि कुलूप उघडले. ताऱ्यांच्या जाती द्रव्याच्या भेदाने नव्हे तर परिस्थितीच्या भेदाने पडतात, हे हॉस्टेलच्या पंगतीतून उठवलेल्या माणसाने दाखवून दिले, याची आम्हाला गंमत वाटते.

त्यांचे मोठेपण पुढच्या पावलात दिसते. रुबिडियम हे मूलद्रव्य सूर्याच्या प्रकाशात सापडत नव्हते. साहांच्या हिशोबाने ते सूर्यावर असले तरी त्याचे इलेक्ट्रॉन इतके सहज सुटतात की नेहमीच्या रेषा दिसणारच नाहीत. मात्र सौरडाग भोवतालापेक्षा थंड असतात, तिथे दिसायला हव्यात. कलकत्त्यात ते तपासायची सोय नव्हती. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या माउंट विल्सन वेधशाळेला लिहिले. हेन्री नॉरिस रसेल यांनी डागांचे वर्णपट तपासले आणि रुबिडियम सापडले.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आज कोणीही उठतो आणि आपल्या अचाट दाव्याला विरोध झाला की स्वतःला गॅलिलिओ म्हणवतो. विरोध झाला म्हणून दावा खरा ठरत नाही. अमुक ठिकाणी अमुक दिसले नाही तर माझे चुकले, असे आधीच सांगण्याची साहांची तयारी होती.

तोवर ते युरोपात पोहोचले होते. केंब्रिजला जायचे होते, पण खर्च झेपेना. म्हणून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहिले. वर्णपटांची भरपूर सामग्री तिथे मिळाली आणि ताऱ्यांच्या वर्णपटांवरचा निबंध 1921 मध्ये रॉयल सोसायटीने छापला. पुढे बर्लिनला नर्न्स्ट यांच्याकडे गेले. फाउलर यांनी मनापासून मदत केली, हे सांगितले पाहिजे. पण यातून एक समज पसरला की साहांचा सिद्धान्त लंडनमध्येच जन्मला. मूळ कल्पना कलकत्त्याची होती, हे साहांना पुढे कित्येक वर्षे सांगत बसावे लागले.

या समीकरणाने आणखी एका बाहेरच्या व्यक्तीला हत्यार दिले. सेसिलिया पेन ही इंग्लंडची तरुणी हार्वर्डला आली आणि 1925 च्या प्रबंधात तिने साहा समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनले असल्याचे दाखवले. पण तारे आणि पृथ्वी यांचे द्रव्य साधारण सारखेच, अशी त्या वेळच्या बड्यांची समजूत होती. रसेल यांनीच तिला परावृत्त केले. प्रबंधात तिला लिहावे लागले की हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले आणि त्यांनी तो मान्य केला. साहांच्या रुबिडियमची खात्री करून देणारा माणूसही हाच. कोणी दुष्ट असायला लागत नाही, खुर्चीवर बसून शंका घेणे पुरेसे असते.

भारतात परतल्यावर कलकत्त्यात पैसा नव्हता, म्हणून 1923 मध्ये साहा अलाहाबाद विद्यापीठात गेले. तिथे शिकवण्याचा भार मोठा आणि साधने तुटपुंजी. ज्या सिद्धान्तावर युरोप-अमेरिकेत डझनभर लोक काम करत होते, त्याचा जनक वर्ग घेत होता आणि निधीसाठी अर्ज लिहीत होता. 1927 मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली, पण त्याआधी क्रांतिकारकांशी असलेले जुने संबंध सरकारी पातळीवर उकरून झाले होते. फेलोशिपनंतर प्रांताच्या गव्हर्नरने वर्षाला 5000 रुपयांचे अनुदान दिले. शिक्का बाहेरून आल्याशिवाय घरचा माणूस मोठा होत नाही, ही आपली सवय जुनीच आहे.

नोबेलसाठी त्यांचे नाव 1930 पासून अनेकदा सुचवले गेले. एकदा सुचवणाऱ्यांत आर्थर कॉम्प्टनही होते. समितीचे मत पडले की हे काम उपयुक्त आहे, पण तो शोध नव्हे, माहीत असलेल्या गोष्टींचा वापर आहे. अख्खे ताराविज्ञान ज्यावर उभे राहिले त्याला वापर म्हणायचे तर मग शोध कशाला म्हणायचे, हे आम्हाला कळत नाही.

साहा मग संस्थांशीच भिडले. 1935 मध्ये 'सायन्स अँड कल्चर' मासिक काढले. विज्ञान लोकांच्या पोटापाण्याशी जोडले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. लहानपणी पूर बघितलेल्या या माणसाने नद्यांवर अभ्यास केला. 1943 च्या दामोदरच्या पुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते आणि अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याची योजना त्यांनी मांडली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम, पाटबंधारे आणि वीज ही खाती सांभाळणारे बाबासाहेब आंबेडकर होते. 1945 मध्ये बंगाल, बिहार आणि केंद्र यांना एकत्र बसवून ही योजना पुढे नेण्याचे काम बाबासाहेबांनी केले. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. या दोघांचे काम एका नदीवर एकत्र आले, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

याच काळात त्यांनी दुसरे भांडण अंगावर घेतले. परंपरेचा गौरव करणाऱ्या एका विद्वानाशी बंगाली मासिकातून त्यांचा वाद झाला. त्यात साहांनी ढाक्याच्या एका वृद्ध वकिलाचा किस्सा सांगितला. साहांनी आपला सिद्धान्त समजावल्यावर वकील म्हणाले होते की यात नवे काही नाही, सगळे वेदात आहे. वेदात नेमके कुठे, असे विचारल्यावर त्यांनी कबूल केले की वेद आपण वाचलेले नाहीत. साहा संतापून थांबले नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षे ते ग्रंथ वाचले आणि त्यांत आधुनिक विज्ञान नाही असे लिहिले. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. प्राचीन विमानांची भाषणे ऐकावी लागणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी हा वाद जरूर शोधून वाचावा.

शेवटचा संघर्ष अणूचा. 1938 मध्ये कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी अणुकेंद्राचे विज्ञान सुरू केले. सायक्लोट्रॉनचे सुटे भाग अमेरिकेहून मागवले, पण युद्धात सामानाचा काही भाग समुद्रातच बुडाला. तिकडे मुंबईत होमी भाभांना टाटांचा आधार होता आणि नेहरूंचा विश्वास होता. अणुसंशोधन विद्यापीठांत, उघडपणे आणि विद्यार्थ्यांसोबत व्हावे, असा साहांचा आग्रह होता. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग झाला तो भाभांच्या नेतृत्वाखाली, थेट पंतप्रधानांना जबाबदार आणि गुप्ततेच्या कायद्यासह. साहांची संस्था 1950 मध्ये कलकत्त्यात सुरू झाली, उद्घाटनाला इरेन जोलिओ-क्युरी आल्या होत्या. पण निर्णयाचे केंद्र मुंबईत राहिले. साहांचा स्वभावही तिखट होता, माणसे सांभाळणे त्यांना जमत नसे. त्यांच्या सगळ्या हारी जातीमुळे झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. पण उद्योगपतीच्या आणि पंतप्रधानांच्या दिवाणखान्यात सहज वावरता येणे हा गुण प्रयोगशाळेत शिकवत नाहीत, तो घरातून येतो. किराणा दुकानातून तो कसा येणार?

1952 मध्ये ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. दारातून आत घेत नाहीत तर सभागृहात प्रश्न विचारायचे, असा त्यांचा हिशोब असावा. 1954 मध्ये अणुऊर्जेवर लोकसभेत चर्चा झाली तेव्हा पैसा कुठे जातो आणि काम काय होते हे त्यांनी नेहरूंसमोर विचारले. त्याच वर्षांत ते पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. देशात तेव्हा तीसच्या आसपास पंचांगे चालत होती आणि ऋतू व सण यांचा मेळ हजार-दीड हजार वर्षांत 23 दिवसांनी चुकला होता. समितीने शक संवतावर आधारलेले, सूर्याच्या प्रत्यक्ष गतीशी जुळणारे एकच राष्ट्रीय कॅलेंडर सुचवले.

16 फेब्रुवारी 1956 रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना साहा रस्त्यातच कोसळले. हातात कागदपत्रे होती. वय 62. पुढच्या वर्षी 22 मार्चपासून सरकारने त्यांचे कॅलेंडर स्वीकारले. सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी आजही त्यातली चैत्र-वैशाखाची तारीख छापली जाते. छपाईचा खर्च सरकारच करते.